वाहनवेडे वडील आणि घरचे भेटपत्र

राज्यांचा इतिहास लिहिणाऱ्यास सनदा मिळतात, तहनामे मिळतात, प्रसंगी शत्रूकडील बातमीपत्रेही मिळतात. घरांचा इतिहास लिहिणाऱ्याच्या वाट्यास मात्र बहुधा रद्दीवाला येतो. त्यामुळे आपल्या घरांत काल-परवा रुजलेली एखादी चाल कोठून आली हे सांगताना भल्याभल्यांची तारांबळ उडते. आणि मग 'हे सारे साहेबाचे अनुकरण' एवढा सोपा निकाल देऊन चर्चा संपविली जाते. असाच निकाल सध्या ज्या एका लहानशा चालीविरुद्ध दिला जातो, तिचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

ती चाल अशी. वडिलांच्या वाढदिवशी, दिवाळीच्या पाडव्यास किंवा जून महिन्याच्या तिसऱ्या रविवारी, पितृदिन म्हणून, मुले घरच्या घरी पुठ्ठा, कात्री आणि रंग घेऊन भेटपत्र तयार करतात. वडील वाहनवेडे असले, आणि असे वडील आमच्या नागपुरात महालापासून धरमपेठेपर्यंत गल्लोगल्ली आढळतात, तर त्या भेटपत्रावर फुले अथवा फुगे न येता वडिलांची स्कूटर येते, मोटार येते, क्वचित आगगाडीचे इंजिनही येते. यावर घरातील वडीलधाऱ्यांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, आपल्याकडे बापास रोज नमस्कार करावयाचा असतो, वर्षातून एकदा पत्र द्यावयाचे नसते. दुसरा पक्ष हे पोरखेळ म्हणून हसण्यावारी नेतो. आमच्या मते दोन्ही पक्ष घाई करतात. या कागदाच्या घडीत निरनिराळ्या वयाच्या तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत: एक, वडिलांस लिहिणे, दुसरी, वाहनाचा गौरव, आणि तिसरी, हाताने करणे. त्या एकेक करून पाहिल्या म्हणजे यातील परके किती आणि घरचे किती, याचा उलगडा होईल.

परक्या भागाचा हिशेब आधी चुकता करू. छापील भेटपत्राचा उगम विलायतेतला, यात वाद नाही. हेन्री कोल या लंडनच्या गृहस्थाने १८४३ साली नाताळच्या शुभेच्छांसाठी जॉन कॅलकॉट हॉर्स्ले या चित्रकाराकडून एक चित्र काढवून घेतले आणि ते शिळाछापावर छापून विकावयास ठेवले. किंमत होती एक शिलिंग. त्या काळी मजुराच्या खिशास ती झेपणारी नव्हती. परंतु येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्या पहिल्या पत्रातील रेषा तेवढ्या छापाच्या होत्या. रंग भरले होते ते हातानेच. यंत्राने हातास पुरते हद्दपार केले ते पुढे, रंगीत छपाई स्वस्त झाल्यावर. पितृदिनही तसाच परका आहे. अमेरिकेतील स्पोकेन शहरी १९ जून १९१० रोजी सोनोरा स्मार्ट डॉड या बाईंच्या खटपटीने तो साजरा झाला, आणि त्या देशात त्यास कायद्याची कायम मान्यता मिळावयास १९७२ साल उजाडले. म्हणजे तिथी परकी आणि घडीचा कागद परका, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो.

आता वडिलांस लिहिण्याची गोष्ट. ही आपल्याकडे काही आजची नव्हे. 'तीर्थरूप' हा मायना ज्याने कधी लिहिला नाही असा पन्नाशीपुढचा शिकलेला मराठी मनुष्य विरळा. वडिलांस तीर्थरूप, चुलत्यांस तीर्थस्वरूप, मुलास चिरंजीव. वडिलांच्या सेवेसी बालकाचा साष्टांग नमस्कार, आणि लगेच विनंती विशेष. या चौकटीत शतकानुशतके मराठी पत्र बसविले गेले. मोडी लिपीच्या दिवसांत कारकुनाच्या बोटांस ही चौकट इतकी सरावाची झाली होती, की मायना आणि शेवट आपोआप उतरत आणि मधला मजकूर तेवढा विचार करून लिहावा लागे. तो मजकूरही कामाचा असे. मुलूख, पैका, पाऊसपाणी, सोयरीक आणि प्रकृतिमान एवढ्यांत बहुतेक पत्र आटपे.

पुढे १८५४ साली साऱ्या हिंदुस्थानात अर्ध्या आण्याचे एकच टपालहशील झाले, आणि १ जुलै १८७९ पासून पाव आण्यात, म्हणजे एका पैशात, पोस्टकार्ड मिळू लागले. नागपुरात १८८५ साली मॉरिस कॉलेज निघाले, तेव्हापासून भंडारा, वर्धा, चांदा या बाजूंची मुले शिकावयास येथे येऊन राहू लागली. घराशी त्यांचा संबंध राहिला तो या कार्डाच्या आधारावर. परंतु कार्ड हे उघडे पत्र. पोस्टमन ते वाचू शके, वाड्यातील शेजारीही वाचू शकत, आणि पुष्कळदा तेच ते वडिलांस वाचून दाखवीत. अशा कागदावर जिव्हाळा कोण लिहिणार? फीची रक्कम, पुस्तकांची यादी, प्रकृती ठीक असल्याची ग्वाही आणि घरातील लहानथोरांस यथायोग्य नमस्कार व आशीर्वाद, एवढे लिहून जागा संपे.

मायन्याची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. मायना हा सभ्यतेचा अंगरखा आहे. तो अंगावर असला म्हणजे रागावलेला मुलगादेखील पत्रात उद्धट होत नाही. परंतु एकाच मापाचा अंगरखा सर्वांस घातल्यावर जे व्हावयाचे तेच येथे झाले. सारे वडील सारखे दिसू लागले. तीर्थरूप या शब्दात पूज्यता आहे, पण अमुक एका माणसास तपकिरीचा शौक आहे, त्यास कुस्त्यांचे वेड आहे किंवा रविवारी सकाळी दोन तास गाडी पुसल्यावाचून त्यास अन्न गोड लागत नाही, हे त्या शब्दात मावत नाही. आमच्या घरांत मुले आईस 'ए' म्हणून हाक मारतात आणि वडिलांस 'अहो' म्हणून. या दोन अक्षरांच्या अंतरात केवढा इतिहास साठला आहे! 'ए' म्हटल्यावर गळ्यात पडता येते. 'अहो' म्हटल्यावर दोन पावले मागे उभे राहावे लागते. तेवढ्या अंतरावरून प्रेम सांगावयाचे तर शब्दाहून निराळे काहीतरी साधन लागते. भेटपत्राने ते पुरविले.

दुसरी गोष्ट वाहनाची. वाहनाचे चित्र किंवा प्रतिमा करणे हा प्रकार महाराष्ट्रात भेटपत्राहून, कागदाहून, किंबहुना मराठी भाषेहूनही जुना आहे. प्रवरेच्या काठी, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, दायमाबाद म्हणून गाव आहे. तेथे १९७४ साली जमिनीत काशाच्या चार वस्तू सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैल जुंपलेला रथ, रथात हाकणारा पुरुष उभा आहे. रथाची लांबी सुमारे पंचेचाळीस सेंटिमीटर, आणि चारही वस्तूंचे मिळून वजन साठ किलोहून अधिक. त्या नेमक्या कोणत्या शतकातील आणि कोणत्या कामासाठी घडविल्या, यावर पंडितांत मतभेद आहेत. तथापि बैल, गाडी आणि गाडीवान हे त्रिकूट एखाद्या कारागिरास इतक्या परिश्रमाने घडवावेसे वाटले, एवढे तरी त्यावरून निर्विवाद सिद्ध होते.

संस्कृत नाटकांत तर एका प्रसिद्ध नाटकास मातीच्या गाडीवरूनच नाव पडले. शूद्रकाचे 'मृच्छकटिक' देवलांच्या मराठी अवतारामुळे आपल्या घराघरांत माहीत झाले आहे. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून रडतो; दासी त्यास मातीची करून देते, ती त्याच्या पसंतीस उतरत नाही; आणि वसंतसेना आपले दागिने काढून त्या मातीच्या गाडीत भरते. तेथे मोठ्या माणसांनी मुलाची गाडीची हौस पुरविली. आज ज्या भेटपत्राचा आम्ही विचार करीत आहो त्यात उलट मूल मोठ्यांची हौस पुरविते. गाडी मातीची असो वा पुठ्ठ्याची, तिचे मोल तीत काय भरले यावर ठरते, हा मात्र दोन्ही ठिकाणी एकच न्याय.

आमच्या नागपुरापुरते बोलावयाचे तर पोळ्यास विसरून चालणार नाही. श्रावणाच्या अमावास्येस बैल सजतात, शिंगे रंगविली जातात, झुली चढतात. त्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. ज्या खांद्यावर वर्षभर जू घासले तो खांदा हळद आणि लोणी अथवा तूप लावून शेकावयाचा. बैलाचा सत्कार शिंगांपासून सुरू होत नसून झिजलेल्या खांद्यापासून सुरू होतो, ही त्या विधीतील मर्माची गोष्ट होय. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लाकडी बैलांस चाके बसविलेली असतात. ते सजवून मुले घरोघर जातात आणि बोजारा मिळवितात. ही चाल दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी घातली असे परंपरा सांगते. त्यांची कारकीर्द १७८८ ते १८१६. म्हणजे वडिलांच्या वाहनाची छोटी प्रतिकृती करून मुलांनी ती मिरवावी, ही कल्पना नागपुरास कोणत्याही साहेबाने शिकविलेली नाही. दसऱ्यास हत्यारांबरोबर वाहनास झेंडूची माळ घालण्याची चाल तर सर्वत्र आहेच.

बैल गेले आणि इंजिने आली, पण भाव फारसा पालटला नाही. रेंगी, छकडा, दमणी ही नावे ज्या प्रांतात मुलांच्या तोंडी असत, तेथे १८६७ साली आगगाडी आली. मोतीबागेत २००२ पासून अरुंद रुळांच्या गाड्यांचे संग्रहालय आहे; तेथे जुन्या इंजिनांसमोर नातवास उभे करून आजोबा जे तासतास समजावून सांगतात, ते ऐकण्यासारखे असते. पण मध्यमवर्गीय घरातील वाहनवेडाचा खरा आरंभ दोन चाकांपासून आहे. आधी सायकल, मग स्कूटर. येथेही आमच्या शेजारच्या जिल्ह्याचा संबंध पोहोचतो. वर्ध्याच्या जमनालाल बजाजांचे ज्या घराण्यात दत्तविधान झाले त्यातील शेठ बछराजांच्या नावाने १९४५ साली एक व्यापारी कंपनी निघाली. तीच पुढे बजाज ऑटो झाली, आणि १९७२ साली तिची 'चेतक' रस्त्यावर आली. राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव स्कूटरला मिळाले, यातही वाहनाविषयीची आपली जुनी बुद्धी दिसून येते.

त्या काळी स्कूटर पैसे टाकून लगेच मिळत नसे. नाव नोंदवून कित्येक वर्षे वाट पाहावी लागे. नोकरीस लागलेल्या तरुणाने नोंदविलेली स्कूटर त्यास पहिले अपत्य झाल्यावर मिळाली, असे सर्रास घडे. मग त्या एका वाहनावर सारे घर चाले. पुढे उभे असलेले मोठे मूल, हाकणारे वडील, मागे आई आणि तिच्या मांडीवर धाकटे. पायाशी दळणाचा डबा. असे हे वाहन गृहस्थाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत घराच्याही आधी आले. ज्या पिढीच्या वडिलांस 'माझे तुझ्यावर प्रेम आहे' हे वाक्य जन्मात उच्चारता आले नाही, ते रविवारी फडके घेऊन स्कूटर पुशीत. दुसऱ्या दिवशी शाळेची वेळ चुकू नये, घाटावर किंवा दवाखान्यात जाताना गाडी दगा देऊ नये, यासाठी ती खटपट असे. वडिलांचे वाहनवेड म्हणून आपण ज्यास हसतो, त्यातील बराच भाग घराची काळजी असतो.

तिसरी गोष्ट हाताची. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात शतकानुशतके हातकागद निघत आला. जुन्नरी आणि दौलताबादी कागदांवर मराठी दप्तरे उभी राहिली. गिरणीच्या कागदाने तो धंदा बसविला. डिसेंबर १९३४ मध्ये महात्माजींच्या प्रेरणेने ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्यास मगनवाडीत कुमारप्पांच्या देखरेखीखाली हातकागदाचे काम पुन्हा सुरू झाले. १९४० साली पुण्यास हातकागद संस्था निघाली. स्वतः महात्माजी आलेली पाकिटे उलगडून त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहीत, हे प्रसिद्धच आहे. आपल्या घरांतील लग्नपत्रिका जपून ठेवण्याची सवय याच जातीची. मुलांच्या भेटपत्रास त्याहून चांगला पुठ्ठा बाजारात मिळावयाचा नाही.

भेटपत्र करण्याची रीतही येथे सांगून ठेवू. कारण कृतीवाचून इतिहास पांगळा राहतो. जाड लग्नपत्रिकेची कोरी बाजू वर येईल अशी घडी घालावी. वाहनाचे चित्र जाहिरातीवरून न उतरविता अंगणात उभ्या असलेल्या प्रत्यक्ष वाहनासमोर बसून, एका बाजूने दिसेल तसे, काढावे. चाकांसाठी लहान-मोठी नाणी किंवा बांगडी ठेवून वर्तुळे आखावी; चाके निराळी कापून मध्यभागी दोरा ओवावा आणि मागेपुढे गाठ मारावी, म्हणजे ती फिरतात. चकाकणाऱ्या भागांसाठी चॉकलेटचा चंदेरी कागद पुरे. चिकटविण्यास कणकेची खळ चालते. पाटीवर वाहनाचा खरा क्रमांक घालावा. नागपूरकर वडिलांस आपल्या एम. एच. ३१ पुढील चार आकडे पाठ असतात, आणि त्यातील एक चुकला तरी ते त्यांच्या आधी नजरेस येते. आत लिहावयाचे ते एकच वाक्य, पण घडलेल्या गोष्टीचे. 'जगातील सर्वांत चांगले बाबा' असे न लिहिता, 'त्या पावसात तुम्ही रेनकोट मला घातलात आणि स्वतः भिजलात' असे लिहावे. पहिले वाक्य कोणत्याही वडिलांस चालते. दुसरे एकाच वडिलांस लागू पडते.

आमच्या परिचयाच्या एका शिक्षकांच्या मुलीने अकराव्या वर्षी असे एक पत्र केले होते. जुन्या चेतकचा एक हट्टी स्वभाव वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. ती सुरू होईनाशी झाली म्हणजे हाकणारा तिला एका अंगावर कलती करी, पुन्हा सरळ उभी करी आणि मग किक मारी. मुलीने पुठ्ठ्याची स्कूटर खालच्या टोकास टाचणीने अशी बसविली होती की ती तशीच कलती होई, आणि कलती केली म्हणजे मागे लिहिलेला मजकूर दिसे. पुढच्या बाजूस मडगार्डावरचा पोचाही तिने जागच्या जागी काढला होता. वडिलांनी ते पाहिले, दोनदा कलते करून पाहिले, आणि एवढेच म्हणाले, "स्टेपनी राहिली." मुलगी थोडी हिरमुसली, दुसऱ्या दिवशी तिने स्टेपनी काढून दिली. पुढे कित्येक वर्षांनी ती स्कूटर भंगारात देण्याची पाळी आली तेव्हा कागदपत्रांची फाइल काढली गेली. आर. सी. बुक आणि विम्याच्या पावत्या यांच्या मध्ये ते भेटपत्र व्यवस्थित लावून ठेवलेले होते. स्कूटरच्या अस्सल कागदांत वडिलांनी त्याची गणना केली होती.

येथे आमच्या विवेचनाची तीन सूत्रे एकत्र येतात. विकत आणलेल्या पत्रावर वाहन असते. घरी केलेल्या पत्रावर तेच वाहन असते, पोच्यासकट. तो पोचा म्हणजे बैलाचा झिजलेला खांदा. जेथे घासले तेथे लक्ष पोहोचले, हे खांदशेकणीतही सांगावयाचे असते आणि या पत्रातही. आणि मायन्याने जे साधत नव्हते, म्हणजे तीर्थरूपांच्या आतला अमुक एक माणूस ओळखणे, ते त्या पोच्याने साधते.

याच कसोटीवर सांप्रतच्या दूरध्वनीवरील शुभेच्छाही लावून पाहाव्या. सणावारी एकाने पाठविलेले चित्र दहा जण जसेच्या तसे पुढे ढकलतात. त्यास आधुनिक म्हणण्याची चाल आहे. आम्हांस तो जुना मायनाच पुन्हा आलेला दिसतो, फक्त त्यातील नमस्काराचे श्रमही वाचले आहेत. मायना, छापील पत्र आणि पुढे ढकललेले चित्र ही एका वंशातील तीन भावंडे होत. घरी केलेले पत्र निराळ्या कुळातले आहे. त्याचे गोत्र तान्ह्या पोळ्याशी जुळते.

आजवर आम्ही वडिलांविषयीच बोललो, परंतु वाहनाचे वेड हा काही पुरुषांचा वतनी हक्क नव्हे. १९७२ सालीच पुण्याच्या फिरोदियांची 'लुना' निघाली, आणि किती तरी नोकरदार स्त्रियांस बस व रिक्षा यांवाचून प्रथमच घराबाहेर पडता आले. अशा आईचे वाहनावरील प्रेम वडिलांहून कमी नव्हते. तिची आवड कोणी विचारली नाही, इतकेच. तिच्या पत्रावर मुले सवयीने गुलाब काढतात. त्यांनी एकदा तिची लुना काढून पाहावी. त्याचप्रमाणे ज्या वडिलांचे वाहन हौसेचे नसून पोटाचे आहे, जे एस. टी. हाकतात किंवा ऑटोरिक्षा चालवितात, त्यांच्या मुलांनीही हे पत्र जरूर करावे. दिवसभर इतरांस पोहोचविणाऱ्या माणसाच्या गाडीचे चित्र सहसा कोणी काढीत नाही.

शेवटी एक विनंती. आजच्या घरांत शाई-कागदावर लिहिलेले असे काही फार थोडे उरणार आहे. म्हणून अशा पत्राच्या पाठीमागे तारीख, साल आणि करणाऱ्याचे नाव घालावे, वाहनाचे नाव व ते कोणत्या साली घेतले हेही लिहावे, आणि ते पत्र रद्दीत जाऊ न देता घराच्या कागदांत ठेवावे. पुढेमागे कोणी नागपूरच्या घरांचा इतिहास लिहावयास बसलाच, तर सनदा आणि तहनामे त्याच्या उपयोगी पडणार नाहीत. पोचा काढलेली एक पुठ्ठ्याची स्कूटर मात्र निश्चित पडेल.